ड्राफ्टच्या टेबलावर कोणाला काय ठाऊक असावे

फँटसी बेसबॉल म्हणजे खऱ्या खेळाडूंचे काल्पनिक संघ करून त्यांच्या खऱ्या सामन्यांतल्या आकड्यांवर खेळायचा खेळ. त्याच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे आळीपाळीने खेळाडू निवडण्याच्या बैठकीत, अभ्यासाने कमावलेले मत ज्याचे त्याने स्वतःजवळ ठेवावे, याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु एखादा खेळाडू यंदा मैदानात उतरणारच नाही ही जाहीर झालेली बातमी टेबलाभोवतीच्या दहा जणांपैकी काहींनाच ठाऊक असताना निवड सुरू करणे मला अन्यायाचे वाटते. आमच्या लीगमध्ये या प्रश्नावर 2025 च्या ड्राफ्टपासून वाद सुरू आहे आणि माझी बाजू मला एकदा सविस्तर मांडायची आहे.

आम्ही दहाही जण अमरावती जिल्ह्यातले, बहुतेक जण शाळांमधले क्रीडाशिक्षक. मुलांना सॉफ्टबॉल आणि बेसबॉल शिकवता शिकवता आम्हाला मेजर लीगचा, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलचा नाद लागला. आमच्या लीगमध्ये पैशाचा संबंध नाही. ड्राफ्ट मात्र आम्ही परतवाड्यात एकत्र बसून, छापील याद्या आणि एक रजिस्टर घेऊन करतो, कारण मेळघाटातल्या सदस्यांच्या नेटवर्कचा भरवसा धरता येत नाही. क्रम स्नेक पद्धतीचा असतो, म्हणजे पहिल्या फेरीत शेवटी निवडणारा दुसऱ्या फेरीत सर्वांत आधी निवडतो. ज्याला पहिला क्रमांक मिळतो त्याची पुढची निवड थेट विसावी येते. क्रमाच्या बाबतीत एवढी काळजी घेणाऱ्या खेळात माहितीच्या बाबतीत काहीच नियम नसावा, हे मला पहिल्यापासून खटकत होते.

न्यूयॉर्क यांकीजचा गेरिट कोल हा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू. मेजर लीगच्या दोन विभागांपैकी अमेरिकन लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्याने 2023 मध्ये मिळवला होता. त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया होणार असून तो संपूर्ण हंगामाला मुकणार, असे संघाने 10 मार्च 2025 रोजी जाहीर केले. आमचा ड्राफ्ट दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी होता. धारणीचे सर आठवडाभर आधी काढलेली यादी घेऊन, सेमाडोहच्या जंगलातून एसटीने आले होते आणि त्यांच्या मोबाइलला आदल्या दिवसापासून रेंज नव्हती. तिसऱ्या फेरीत त्यांनी कोलचे नाव घेतले, यादीतल्या त्या नावावर लाल पेनाने रेघ मारली आणि रजिस्टर पुढे सरकवले. खोलीतल्या तिघा-चौघांना बातमी ठाऊक होती, पण कोणी बोलले नाही. त्यातल्या एकाने दुपारी आपल्या मित्राला मुद्दाम फोन करून ‘कोलला हात लावू नको’ असे सांगितले होते, हे आम्हाला रात्री जेवताना कळले.

“बातमी वाचायला त्यांना कोणी अडवलं होतं का?” हा युक्तिवाद त्याच रात्री झाला आणि आजही होतो. मला तो पटत नाही. एखाद्या तरुण पिचरचे वॉक, म्हणजे चार चुकीच्या चेंडूंमुळे फलंदाजाला फुकट मिळणारे बेस, कमी होत आहेत, तेव्हा तो यंदा चमकेल, हा निष्कर्ष मी रात्री जागून आकडे पाहून काढला असेल तर तो माझा आहे आणि तो मी कोणालाही सांगणे लागत नाही. संघाने जाहीर केलेली दुखापत ही कोणाच्याही मेहनतीची कमाई नव्हे. ती ज्याच्याकडे आधी पोहोचली त्याच्या मोबाइलला रेंज होती, एवढेच त्याचे कर्तृत्व.

आपल्याकडच्या कापूस बाजारात हे फार पूर्वी ओळखले गेले होते. नियमन केलेला बाजार कारंजाला 1886 मध्येच सुरू झाला. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची रीत मागे पडून खुला हर्रास आला, तरी कोणत्या ढिगाला किती भाव द्यायचा हा अंदाज व्यापाऱ्याचा स्वतःचाच राहिला. ढीग मात्र सर्वांच्या समोर असतो.

डॅनियल ओक्रेंट आणि त्याच्या मित्रांनी 1980 मध्ये न्यूयॉर्कमध्ये रोटिसरी लीग ही फँटसी बेसबॉलची सुरुवातीची लीग सुरू केली, तेव्हा खेळाडूंची निवड बोली लावूनच होत असे आणि आकडेमोड वर्तमानपत्रांतल्या बॉक्स स्कोअरवरून, म्हणजे सामन्यातल्या आकड्यांच्या तक्त्यांवरून, केली जाई. पुढे प्रत्येक संघाने 260 डॉलरमध्ये 23 खेळाडू घ्यायचे ही रीत रुळली. बोलीच्या पद्धतीत नको असलेल्या खेळाडूचा भाव मुद्दाम चढवणे मी गैर मानत नाही, कारण तो खेळाडू गळ्यात पडण्याचा धोका भाव चढवणाराच पत्करतो. दुखापतीबद्दल धादांत खोटे सांगणे अर्थातच गैर.

आणि एकालाच फोन करून सावध करणे? माझ्या मते गप्प राहण्यापेक्षा हे अधिक वाईट आहे. गप्प राहणारा निदान सर्वांशी सारखाच वागतो. फोन करणारा मात्र दोन संघांचा एक गट करतो, आणि उरलेल्या आठ जणांना आपण एकेकट्या प्रतिस्पर्ध्यांशी नव्हे, तर एका जोडीशी खेळतो आहोत याचा पत्ताही नसतो.

म्हणून पुढच्या ड्राफ्टसाठी मी लेखी प्रस्ताव दिला आहे. सुरुवातीच्या अर्धा तास आधी त्या दिवशीची जखमी खेळाडूंची यादी मोठ्याने वाचली जावी. कोणता खेळाडू मैदानावरच्या कोणत्या जागेसाठी पात्र आहे हेही तेव्हाच सांगावे, कारण मूकी बेट्ससारखा खेळाडू 2024 मध्ये शॉर्टस्टॉप, सेकंड बेस आणि आउटफिल्ड अशा तिन्ही ठिकाणी खेळला होता आणि पात्रतेसाठी किती सामने लागतात हे प्रत्येक संकेतस्थळावर वेगळे असते. ड्राफ्ट चालू असताना नवी बातमी आली तर ती सर्वांना सांगावी आणि त्या फेरीतली बाधित निवड बदलू द्यावी. या शेवटच्या कलमाला तिघांचा विरोध आहे. एकाच शाळेत शिकवणारे आमचे दोघे वर्षभर सोबत सामने पाहतात. त्यांच्या गप्पांना कोणता नियम लावायचा, हेही अजून ठरलेले नाही. त्यांनी वर्षभर हवे ते बोलावे, परंतु ड्राफ्टच्या खोलीत वेगवेगळ्या टोकांना बसावे, असे मी सुचवले आहे आणि ते दोघांनीही मान्य केले आहे.