तुम्ही विचारलंत म्हणून: कोरा रकाना

बांगलादेशात, कॉक्स बझारच्या रोहिंग्या छावण्यांत मी साथींवर नजर ठेवायच्या कामाला होते, हे आमच्या कोथरूडच्या सोसायटीत कळल्यापासून एक प्रश्न ठरलेला. परवा शेजारच्या काकांनीही विचारलाच: "बांबू-ताडपत्रीच्या खोपटात दाटीवाटीनं राहायचं, वर चुलीचा धूर. खोकणार सगळेच. मग साथ आली हे कळतं कसं गं?"

खोकला ऐकून नाही कळत. श्वास मोजावे लागतात. पोराला आईच्या मांडीवर शांत होऊ द्यायचं, झबलं वर करायचं आणि घड्याळ समोर धरून पोटाची वरखाली मोजायची. पुरतं एक मिनिट. अर्धं मोजून दुप्पट करायचं नाही. मध्येच रडलं की पुन्हा एकपासून. खोकला आहे आणि दोन महिने ते वर्षाच्या आतल्या बाळाचे ५० किंवा जास्त, पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरले, की न्यूमोनिया धरायचा. दवाखान्यादवाखान्यातून आठवड्याचे आकडे मोबाईलवर येतात, ते मागच्या आठवड्यांशी ताडून बघायचे.

घटसर्पाला ही ताडाताडी नाही. एक संशयित दिसला तरी त्याच दिवशी फोन. मी जायच्या आधी, २०१७च्या नोव्हेंबरात तो तिथं उपटला: घशात राखाडी पापुद्रा, सुजलेली मान. पुढे हजारो रुग्ण झाले. त्या वेळी पेंटाव्हॅलंट लशीचे, म्हणजे घटसर्पासकट पाच रोगांवरच्या एकत्र लशीचे, तीन लाख डोस आपल्या हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटनं दिले होते. हे सांगितलं की काकांचा चेहरा असा खुलतो की उरलेलं उत्तर ऐकायला ते नसतातच.

उरलेलं म्हणजे माझी चूक. सुरुवातीला एका दवाखान्याचा आकडाच आला नाही. मी रकान्यात बिनधास्त शून्य भरलं, आलेख छान खाली उतरला. दुसऱ्या दिवशी कळलं, तिथं रुग्णांची इतकी रीघ होती की रजिस्टर लिहिणाऱ्या मुलीला औषधं वाटायला उभं केलं होतं. वही तशीच कोरी.

त्यानंतर आठवडा संपला की मोठे आकडे मी नंतर बघायचे. आधी कोऱ्या रकान्यांना फोन. "आपा, आज फार गर्दी आहे, उद्या लिहिते," असं कुणी म्हणालं की चप्पल घालायची आणि टेकडी चढायला लागायचं.