चष्मा काढला, पण मेन्यू कार्ड कुठंय?

बाबांच्या वाढदिवसाला आम्ही चौघं बाहेर जेवायला गेलो. बसल्या बसल्या बाबांनी चष्म्याच्या घरातून चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर चढवला आणि मेन्यू कार्ड शोधायला लागले. टेबलावर होता फक्त प्लॅस्टिकच्या स्टँडमधला क्यूआर कोड. बाबांचा फोन बटणांचा. चष्मा परत घरात गेला.

स्कॅन करतानाच घोडं अडलं. कोडवर डाग होता, तो मी रुमालाने घासत बसले. खरं तर डागाने फारसं बिघडत नाही. १९९४ साली जपानमध्ये हा कोड निघाला तो वाहनांच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला. कारखान्यात तेल-काजळी लागणारच, म्हणून चूक भरून काढायची सोय त्यात मुळातच आहे. ती पुरेपूर वापरली असेल तर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचता येतो. खोडी होती वरच्या दिव्याची. तो नेमका प्लॅस्टिकवर चमकत होता. स्टँड तिरका धरला आणि पान उघडलं.

तर आधी मोबाइल नंबर, मग ओटीपी. आत रेंज नाही, म्हणून दादा फोन उंच धरून दारापर्यंत जाऊन आला. नुसती यादी वाचायला माझा नंबर कशाला हवा?

यादी म्हणजे छापील कार्डाचीच पीडीएफ, मुंगीएवढ्या अक्षरांची. दोन बोटांनी मोठी केली की डावीकडे पदार्थाचं नाव दिसायचं, उजवीकडची किंमत पडद्याबाहेर. किंमत पाहायला सरकवलं की नाव गायब. तेवढ्यात वरून ऑफिसच्या ग्रुपवरचा मेसेज उतरला. एकच ओळ लिहिते म्हणून तिकडे गेले, परत येते तर पान पुन्हा लोड होऊन पहिल्या ओळीवर! दादा त्याच्या फोनमध्ये कशाला तरी हसत होता, आई त्याच्या खांद्यावरून डोकावत होती. बाबा समोरचा चमचा सरळ करत होते.

"काय वाचताय ते मलाही सांगा की," ते म्हणाले. रागाने नव्हे, म्हणूनच जास्त लागलं.

वेटरला विचारलं, तर काउंटरवर एक कार्ड निघालं, कोपऱ्यात लॅमिनेशन सुटलेलं. बाबांनी पहिल्या पानापासून, तळटीपांसकट, मोठ्याने वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या पानावर आई आणि दादाचं जुंपलंसुद्धा.

आता आम्ही आधी कार्ड मागतो. नसेलच तर एका फोनवर एकाने वाचायचं, बाकीचे फोन पिशवीत. टेबलावर पालथा ठेवलेला चालत नाही. तो थरथरला की सगळ्यांच्या माना वळतात. आणि कोडवर दुसराच स्टिकर चिकटवलेला नाही ना, हे मी नखाने चाचपते. पैसेही त्यावरूनच भरायचे असतील तर उघडणाऱ्या लिंकचा पत्ता आधी नीट बघते.

परवा वाचायची पाळी माझी होती. 'डू नॉट डिस्टर्ब' लावायला विसरले आणि मधेच मेसेज उतरला. माझं बोट तिकडे वळायच्या आत बाबांनी चष्म्याचं घर पडद्याच्या वरच्या कडेवर आडवं ठेवलं.

"हं, पुढे वाच."