फ्रिजसकट घर

घर विकायला काढले की एजंटलोक ठरावीक सल्ले देतात, आणि त्यांतला एक अलीकडे फार ऐकू येतो: स्वयंपाकघरात चार नव्या वस्तू दिसू द्या, गिऱ्हाईक तिथेच अडकते. बेळगावात टिळकवाडीतले माझ्या बहिणीचे घर विकायचे ठरले तेव्हा तिलाही हाच उपदेश झाला. चिमणी बसवा, काचेची चार बर्नरची शेगडी घ्या, जमल्यास दोन दारांचा फ्रिज आणा, म्हणजे आकडा आपोआप चढेल, असे त्या गृहस्थांचे म्हणणे होते. मेव्हण्यांनी चिमणी आणि शेगडी यांवर भागवले. फ्रिज होता तोच पुसून ठेवला. घर दाखवायच्या दिवसांत मी तिच्याकडे बरेचदा असे, त्यामुळे चहाचा ट्रे हातात धरून गिऱ्हाइकांची नजर कुठे कुठे फिरते हे न्याहाळायला मिळाले. त्यावरून माझे मत असे झाले की उपकरणांमुळे घराचा आकडा फारसा वर जात नाही. तो खाली ओढायला मात्र ती घेणाऱ्याच्या चांगली उपयोगी पडतात.

स्वयंपाकघरात पाऊल टाकल्यावर पहिला प्रश्न चिमणीबद्दल कधीच नसे. "पाणी किती दिवसाआड येतंय ओ?" हाच तो प्रश्न. बेळगावला राकसकोप आणि हिडकल या धरणांचे पाणी मिळते. काही प्रभागांत चोवीस तास पाणी देण्याचा प्रयोग २००८ च्या सुमारास सुरू झाला, आणि तेव्हापासून घर त्या भागात आहे की नाही याला फ्रिज कोणत्या कंपनीचा यापेक्षा कितीतरी जास्त किंमत आली. भिंतीवरच्या पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राकडे पाहून माना डोलत, पण लगेच परड्यातली विहीर उन्हाळ्यात आटते का, गच्चीवरची टाकी किती लिटरची आहे, या चौकशा सुरू होत. त्यानंतर कोणीतरी फोनमधले होकायंत्र उघडून कट्ट्यापाशी उभे राही. शेगडी आग्नेयेला आहे याची खात्री पटेपर्यंत ती केवढ्याची आहे हे कोणी विचारत नाही, हा माझा पक्का अनुभव.

त्या काचेच्या शेगडीला खरी परीक्षक भेटली ती निपाणीकडच्या एका आजींच्या रूपाने. मुलगा आणि सून हॉलमध्ये मेव्हण्यांशी बोलत असताना आजी सरळ कट्ट्याशी आल्या, त्यांनी बर्नरवरची जाळी उचलून पाहिली, दोन बर्नरांमधले अंतर वितीने मोजले आणि विचारले, "भाकरी भाजाय येत्यात काय ओ ह्येच्यावर?" प्रश्न मार्मिक होता. ज्वारीची भाकरी तव्यावरून उतरवून आचेवर फुगवायची म्हणजे मोठी, मोकळी ज्योत लागते. शिवाय भाकरीचे पीठ झडते ते बर्नरच्या भोकांत आणि काचेवर, आणि ते रोज पुसत बसायचे कोणी? बहिणीने प्रामाणिकपणे सांगितले की भाकरीसाठी ती मागच्या ओसरीवर जुनी दोन बर्नरची शेगडी वापरते. आजींनी ती ओसरी पाहिली, तिथला मोरीचा उतार पाहिला आणि त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच समाधान उमटले. नव्या शेगडीवर खर्च झालेले पैसे त्या क्षणी मेव्हण्यांना आठवले असणार, पण ते काही बोलले नाहीत.

वापरलेली उपकरणे चुगलखोर असतात. एका गृहस्थांनी बोलता बोलता चिमणीच्या खालच्या कडेवरून बोट फिरवले आणि ते अंगठ्यावर घासून पाहिले. चिमणी नवी असल्यामुळे बोट कोरडे निघाले. मात्र फ्रिजच्या दाराचे रबर त्यांनी जिथे ओढले तिथेच नेमके ते सैल निघाले. त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने फ्रिजवरच्या ताऱ्यांच्या लेबलाची मुदत वाचून दाखवली. वीजबचतीचे हे तारे देण्याचे निकष काही वर्षांनी कडक होतात, त्यामुळे जुन्या लेबलावरचे पाच तारे आजच्या हिशेबात पाच राहत नाहीत, हे तिला आमच्यापेक्षा बरे ठाऊक होते. कर्नाटकात २०२३ पासून घरगुती विजेची जी मोफत योजना आहे तिच्यात महिन्याला दोनशे युनिटांची मर्यादा ओलांडली की सगळेच बिल भरावे लागते, म्हणून वीज खाणारा जुना फ्रिज आता फुकट मिळाला तरी लोक दोनदा विचार करतात. त्या गृहस्थांनी मग कट्ट्यावरचे प्लग मोजले. इंडक्शन दोन हजार वॅटची, ओव्हन वेगळा, गिझर वेगळा. जाड पिनेचे प्लग किती आणि त्यांच्यामागची वायर कोणत्या काळातली, मीटरचा मंजूर भार किती, हे प्रश्न ऐकताना मला त्यांच्याबद्दल आदर वाटला. यंत्र दहा वर्षांत बदलते, भिंतीतली वायर फोडल्याशिवाय बदलता येत नाही, आणि घेणाऱ्याला भिंत विकत घ्यायची असते.

कायद्यानेही हा विचार आपल्या परीने केलेला आहे. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ सालचा. त्याच्या आठव्या कलमात म्हटले आहे की घर हस्तांतरित झाले की, वेगळे काही ठरले नसेल तर, कुलपे, किल्ल्या, अडसर, दारे, खिडक्या आणि घरासोबत कायम वापरासाठी असलेल्या इतर सर्व वस्तू त्याच्याबरोबर जातात. शहापुरातल्या एखाद्या कौलारू घराच्या जमिनीत पुरलेले दगडी उखळ यात निर्विवाद बसते. प्लग काढला की निघणारा फ्रिज बसत नाही, हेही उघड आहे. वाद घालायचा तर तो चिमणीवर घालावा: स्क्रूने भिंतीला आवळलेली, भिंत भोसकून नळी बाहेर काढलेली, पण मनात आणले तर तासाभरात उतरवता येणारी. अमेरिकेत राहणारा माझा भाचा सांगतो की तिकडे शेगडी, ओव्हन, डिशवॉशर बहुधा घराबरोबरच जातात, म्हणून विकण्याआधी ती नवी करण्यात अर्थ असतो. एजंटाचा सल्ला तिथून आला असावा. आपल्याकडे घर सोडताना बाई मिक्सरचे झाकण हरवलेले भांडेसुद्धा मागे ठेवत नाही. मग इडली-डोशाचा ग्राइंडर, जो इथल्या मराठी घरांतही आता चांगलाच रुळला आहे, तो सोडण्याची गोष्टच नको.

उपकरणांची खरी करामत मला व्यवहाराच्या शेवटच्या बैठकीत दिसली. आकडा अडला होता. दोन्ही बाजूंनी आपली शेवटची रक्कम सांगून झाली होती आणि कोणालाच मागे सरकणे शोभणार नव्हते. तेव्हा त्या निपाणीकर आजींच्या मुलाने छताकडे बघत म्हटले, "मग चिमणी, गिझर आणि पाण्याचं मशीन ठेवून जावा की." मेव्हणे "बरं" म्हणाले, आणि बैठक सुटली. तिन्ही वस्तूंची मिळून जी किंमत होती त्यापेक्षा कितीतरी मोठ्या रकमेवरून दोन तास खल चालला होता. पण रक्कम न हलवता समोरच्याने काहीतरी सोडले, एवढे समाधान दोघांनाही पुरले. विकणाऱ्याने अशी एखादी वस्तू आधीपासून सोडायची ठरवून ठेवावी आणि ती शेवटपर्यंत बोलू नये, हे मी कोणालाही सांगेन.

संचकारपत्रात, म्हणजे इसारपत्रात, मात्र यादी लिहून घेतली. कागद कन्नडमध्ये, वाचून दाखवणारे वकील मराठीत समजावीत होते, आणि गिझर या शब्दापाशी दोन्ही भाषांचे एकमत होते. यादी नसती तर भिंतीवरून यंत्र उतरल्यावर राहिलेल्या भोकांवरून नंतर भांडण झाले असते. अशी भांडणे मी पाहिली आहेत. काचेची शेगडीही ठेवून जातो, असे मेव्हणे उदारपणे म्हणाले, पण सिलिंडरचे कनेक्शन नावावर असते, ते घराबरोबर देता येत नाही. आणि आजींनी तर शेगडीच नाकारली. वास्तुशांतीला दूध उतू घालवायचे ते आपल्याच शेगडीवर, शिवाय भाकरीचे काय, असे म्हणून त्यांनी विषय संपवला. काचेची शेगडी आता बहिणीच्या नव्या फ्लॅटमध्ये आहे आणि तिच्यावर फक्त चहा होतो.