मॅग्नेशियम राहिलं आणि ५५एस गायब

माझं काम माणसाच्या पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाच्या रायबोसोमवर, म्हणजे तिथल्या प्रोटीन बनवायच्या मशीनवर. मायटोकॉन्ड्रियाच्या स्वतःच्या डीएनएत जेमतेम ३७ जीन्स, त्यातले प्रोटीनचे फक्त १३, आणि ती १३ बनवायला लागणाऱ्या मशीनची ८० च्या आसपास प्रोटीन्स मात्र न्यूक्लियसच्या जीन्सवरून बाहेर बनतात, आत येतात आणि आतल्याच आरएनएवर एकेक करून बसतात. घर एवढंसं आणि गवंडी सगळे बाहेरचे!

मशीनचे दोन भाग, छोटा २८एस, मोठा ३९एस, जुळले की ५५एस. (बेरीज ६७ का नाही असं प्रत्येक नवीन पोरगं विचारतं. एस म्हणजे वजन नाही रे, सेंट्रिफ्यूजमध्ये किती वेगाने खाली बसतं त्याचं माप.) हे दोन भाग जुळायला एमटीईआरएफ४ नावाचं प्रोटीन लागतं, २०११ मध्ये उंदरांत दिसलं होतं की ते काढलं तर दोन्ही भाग बनतात पण सुटेच राहतात. मला तेच माणसाच्या पेशीत बघायचं होतं.

सुक्रोज ग्रेडियंटवर (खाली खाली घट्ट होत जाणारं साखरेचं पाणी) सॅम्पल सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं, थराथराने फ्रॅक्शन काढले, कुठल्या थरात रायबोसोमची प्रोटीन्स आहेत ते बघायला ब्लॉट केला. नॉकआउटमध्ये, म्हणजे एमटीईआरएफ४ काढलेल्या पेशींत, ५५एसच्या जागी काही म्हणजे काहीच नाही! मी लगेच सरांना फोटो पाठवला, आणि मग कंट्रोलचा, म्हणजे एमटीईआरएफ४ शाबूत असलेल्या पेशींचा, ब्लॉट बघितला तर तिथेपण ५५एस नाही. पोटात गोळाच आला. कारण त्याच कंट्रोल पेशी ग्लुकोजऐवजी गॅलॅक्टोज या साखरेवर मस्त वाढत होत्या, आणि गॅलॅक्टोजवर पेशीला एनर्जी मायटोकॉन्ड्रियातूनच काढावी लागते, मग रायबोसोम जुळलेलेच नाहीत असं कसं होईल?

वही उघडली. बफरच्या (ज्या द्रावात सॅम्पल ठेवतो त्याच्या) यादीत सगळ्यावर टिक, मॅग्नेशियमवर नाही. ते नसलं की धडधाकट रायबोसोमचेही दोन भाग सुटे होतात, हे मला परीक्षेत झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

सगळं पहिल्यापासून केलं. कंट्रोलमध्ये ५५एस दणक्यात दिसला, नॉकआउटमध्ये जवळपास नाहीच, २८एस आणि ३९एस आपापल्या जागी ढीग करून बसलेले. धावत सरांकडे गेले, ते म्हणाले, "अगं, हेच तर तू परवा पाठवलं होतंस ना?"