बारा आठवडे आणि एक गोल शिक्का

निकाल लागला त्या दिवशी मी शेजारीपाजारी पेढे वाटले. खंडपीठाने सरळ लिहिलं होतं, बाईंच्या पगाराचा फरक आणि उपदान (ग्रॅच्युइटी) बारा आठवड्यांत द्या. बत्तीस वर्षं शाळेत शिकवलेली मी. वाटलं, कोर्टानं सांगितलं म्हणजे झालं.

प्रमाणित प्रत घेऊन मी स्वतः कार्यालयात गेले. बारनिशीतल्या, म्हणजे टपाल घेणाऱ्या विभागातल्या, मुलीने माझ्या अर्जाच्या प्रतीवर गोल शिक्का मारला. शाई सुकलेली होती, तारीख उमटलीच नाही. मी तसाच कागद घेऊन आले. वकीलबाईंनी तो उजेडात धरून पाहिला. म्हणाल्या, "ताई, उद्या परत जा. आदेश साहेबांना कधी मिळाला हे यावरून सांगता येत नाही." दुसऱ्या दिवशी मी समोर उभं राहून शिक्का पुन्हा मारून घेतला, आणि खाली पेनाने आवक क्रमांक, तारीख, सही. पुढे सगळं त्या कागदावरच उभं राहिलं. 1971 च्या न्यायालय अवमान कायद्यात दिवाणी अवमान म्हणजे कोर्टाच्या आदेशाचं हेतुपुरस्सर उल्लंघन. उशीर झाला एवढं पुरत नाही; माहीत असून केलं नाही, हे दाखवावं लागतं.

बारा आठवडे उलटले. फाईल लेखा विभागात आहे. अनुदान आलेलं नाही. साहेब मीटिंगला गेलेत. मग एकदा, "शासन सुप्रीम कोर्टात जाणार आहे, बाई." मी घाबरलेच. वकीलबाई म्हणाल्या, नुसतं अपील केल्याने आदेश थांबत नाही, स्थगिती मिळावी लागते. हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. आमच्यातल्या किती जणी "अपील करणार" एवढं ऐकूनच घरी बसल्या आहेत!

आणि घरी बसून चालत नाही, कारण त्याच कायद्याचं कलम 20. अवमान घडल्यापासून एक वर्ष, त्यानंतर कारवाई सुरूच होत नाही. कार्यालयातून "पुढच्या महिन्यात या" ऐकत ते वर्ष कसं संपतं कळतही नाही.

अवमान याचिका खुर्चीवर नाही, माणसावर होते. अधिकाऱ्याचं नाव घालावं लागतं. आमचे साहेब मधेच बदलून गेले. नवे म्हणाले, मी तर आत्ताच आलो. मग त्यांनाही प्रत, त्यांचीही पोच, पुन्हा वाट.

शेवटी मी अवमान याचिका केली. कोर्टाची नोटीस निघाली आणि आठ महिने न हललेली फाईल तीन आठवड्यांत हलली. शिक्षा तशी मोठी नाही: सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण ती खरंच होते. 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच राज्याचे मंत्री स्वरूपसिंह नाईक आणि वनखात्याचे तेव्हाचे प्रधान सचिव अशोक खोत यांना एक महिन्याची कैद सुनावली होती. न्यायालयाची मनाई असताना लाकडावर चालणाऱ्या उद्योगांना परवाने दिले म्हणून.

बोर्डावर, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या यादीत, आमचं प्रकरण दुपारी आलं. साहेब मागे उभे होते, हातात माझीच फाईल. माफीचं शपथपत्र दिलं, रक्कम जमा झाल्याची पावती जोडली. कोर्टाने ते मान्य करून याचिका निकाली काढली. दोन मिनिटंही लागली नसतील. मला त्यांना तुरुंगात पाठवायचं नव्हतं. पण घरी आमचे हे आजारी असताना, औषधांसाठी मी बांगड्या गहाण ठेवल्या त्या महिन्यांत ती फाईल कुठल्या टेबलावर होती, हे कुणीतरी विचारायला हवं होतं असं मला आजही मनापासून वाटतं.

व्याज मिळालं नाही. मूळ आदेशात ते नव्हतं, आणि अवमानाच्या कामात कोर्ट मूळ आदेशापलीकडे जात नाही. मूळ याचिकेतच व्याज मागा, आणि मुदत चुकली तर किती टक्के, तेही आदेशात घालून घ्या.

माझ्याबरोबर निवृत्त झालेल्या एका मैत्रिणीच्या हातातही असाच आदेश आहे. तिचं वर्ष पुढच्या महिन्यात संपतं. तिच्या अर्जावरचा शिक्का मी काल पाहिला. तारीख पुसट आहे. सोमवारी सकाळी पहिल्या एसटीने आम्ही दोघी आवक नोंदवहीची नक्कल मागायला जातोय.