प्लेट निळी राहिली, पण...

आम्ही नवी अँटिबायोटिक्स शोधतो. स्टॅफिलोकोकस हा जिवाणू मारणारं कंपाउंड बनवलं म्हणून आमच्याकडे कोणी पेढे मागत नाही. घाम काढतो तो क्लेब्सिएला हा दुसरा जिवाणू. ग्रॅम-निगेटिव्ह असल्यामुळे त्याला बाहेरून एक जादा आवरण असतं. ते ओलांडून काही आत शिरलंच तर उपसून बाहेर फेकणारे पंप असतात. आमची कंपाउंडांची मालिका तिथेच अडलेली. स्टॅफवर उत्तम, क्लेब्सिएलावर ढिम्म.

२०१७ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या हर्गनरदर यांच्या गटाने दाखवलं होतं, की रेणू चपटा आणि ताठ असेल आणि त्यावर प्राथमिक अमाइन (धनभार घेणारा नायट्रोजनचा गट) असेल, तर तो ई. कोलाय या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूच्या आत साचण्याची शक्यता बरीच वाढते. आमचा रेणू चपटा होता, पण ताठ कसला; बाजूला आठ कार्बनची शेपटी लोंबत होती. तरी म्हटलं, अमाइन लावून तर बघू.

"मॅडम, हातातलं सोडा आणि प्लेट बघायला या," खालच्या मजल्यावरून फोन आला.

९६ खळग्यांची प्लेट. एका कडेला ६४ मायक्रोग्रॅम, पुढे प्रत्येक खळग्यात निम्मं निम्मं. रात्रभर ३७ अंशांवर ठेवायची, सकाळी रेझाझुरिन हा रंग घालायचा. जिवाणू जिवंत असतील तर निळा रंग गुलाबी होतो. क्लेब्सिएलाचा हा वाण एनडीएमवाला, म्हणजे मेरोपेनेम हे जालीम अँटिबायोटिक तोडून टाकणारं विकर बाळगणारा. मेरोपेनेमची ओळ थेट ६४ पर्यंत गुलाबी. तिच्याखाली आमची ओळ ६४ पासून खाली ४ पर्यंत निळीशार! ताडून बघायचे दोन्ही कंट्रोल जिथल्या तिथे, म्हणजे प्लेटमध्ये गडबड नाही.

मुलं चहा सांगायला निघाली. मी म्हटलं, आधी हिमोलिसिस लावा, रक्तातल्या लाल पेशी फुटतात का ते बघू. (ऐन आनंदात विरजण घालणारी बाई म्हणून माझी ख्याती आहेच.)

धुतलेल्या लाल पेशी, त्यात कंपाउंड, तासभर ३७ अंश, मग सेंट्रिफ्यूज. पेशी शाबूत असल्या की तळाशी लाल गोळी बसते, वरचं पाणी नितळ राहतं. ट्रायटन या डिटर्जंटच्या नळीत सगळ्या फुटतात, ते आमचं शंभर टक्क्यांचं माप. आमची १६ मायक्रोग्रॅमची नळी तिच्याशेजारी धरली, तर लेबल वाचल्याशिवाय कुठली कुठली ते कळेना. दोन्ही लालभडक.

एका टोकाला धनभार, दुसऱ्या टोकाला तेलकट शेपटी: आम्ही चक्क साबण बनवला होता. क्लेब्सिएला त्याच्या आतल्या आमच्या लक्ष्यावर घाव बसून मेला की नुसतं आवरण फाटून, हेही आता सांगता येईना.

"४ ला मारतंय, १६ ला फोडतंय. मध्ये जागा आहे ना, मॅडम?"

"चौपटच? माणसाच्या रक्तात सोडायचंय ते!"

संध्याकाळी फळ्यासमोर वाद. मुलांचं म्हणणं, शेपटी तीन कार्बनवर आणू. कच्चा माल कपाटातच आहे. मला शेपटीच्या जागी वलय घालून रेणू ताठ करायचा होता. त्यात दोन पायऱ्या वाढतात, एक उणे ७८ अंशांवर. शेवटी दोन्ही करायचं ठरलं. त्या थंडीसाठी लागणारा सुका बर्फ संपलेला होता. त्याची ऑर्डर टाकली आणि घरी निघाले.