हिरव्या बेडकाचा हात

तो व्हिडिओ मी आत्तापर्यंत किती वेळा बघितलाय ते मोजलं नाही, पण दरवेळी अडकते एकाच जागी. भलंमोठं दगडी कॅथेड्रल, जुन्या टेपवरचं जरा फिकट पडलेलं चित्र, आणि सगळ्या गर्दीसमोर एकटाच येऊन उभा राहिलेला आठ फुटी पिवळा पक्षी. गळ्यात हिरवा बो. बिग बर्ड हो, सेसमी स्ट्रीट या लहान मुलांच्या अमेरिकन टीव्ही कार्यक्रमातला. तो गायला लागतो पण गाणं त्याचं नाहीच, कर्मिट नावाच्या बेडूक-बाहुलीचं आहे, हिरवं असणं काही सोपं नसतं असं सांगणारं, आणि गाणं संपलं की तो कर्मिटचे आभार मानतो. बस एवढंच. तिथे माझे डोळे भरतातच.

21 मे 1990, न्यूयॉर्कचं सेंट जॉन द डिव्हाइन. कर्मिट बनवणाऱ्या, त्याला हात आणि आवाज देणाऱ्या जिम हेन्सनची स्मरणसभा. पाचच दिवस आधी, 16 मेला गेला तो, वय अवघं 53. घसा दुखतोय, थकवा आलाय, होईल बरं असं करत अंगावर काढलं, उगाच कुणाला त्रास नको हा स्वभाव, आणि शेवटी हॉस्पिटलमध्ये नेलं तर चोवीस तासही मिळाले नाहीत. स्ट्रेप्टोकोकसचं इन्फेक्शन, न्यूमोनिया, सगळं हाताबाहेर गेलेलं. हे वाचलं तेव्हा मला अक्षरशः राग आला होता, कोणावर ते माहीत नाही.

काळे कपडे कुणी घालायचे नाहीत हे त्यानंच सांगून ठेवलेलं. 1986 मध्येच मुलांसाठी पत्रं लिहून ठेवली होती, आपण गेल्यावर उघडायची म्हणून, त्यात बँड वाजवा, चार मित्रांनी गाणी म्हणा, कुणीतरी दोन चांगले शब्द बोला असं सगळं. म्हणून त्या व्हिडिओत रंगच रंग दिसतात, आणि लोकांच्या हातात काडीवर बसवलेली फुलपाखरं, हॅरी बेलाफॉन्टे गातो तेव्हा हजारो फुलपाखरं एकदम हलायला लागतात. बाहुल्यांच्या माणसाला निरोप द्यायचा तर असाच ना.

पण मला त्यात सगळ्यात जास्त काय धरून ठेवतं तर हात. कर्मिट म्हणजे तरी काय, 1955 मध्ये कॉलेजातल्या एका पोरानं आईच्या जुन्या कोटाचं कापड कापलं, पिंगपाँगचा बॉल अर्धा करून त्याचे डोळे लावले आणि आत हात घातला. पुढची 35 वर्षं तो हात डोक्याच्या वरच राहिला. ही मंडळी कॅमेऱ्याच्या फ्रेमखाली दाटीवाटीनं उभी राहायची, हात वर, आणि नजर मॉनिटरवर, म्हणजे आपली बाहुली नीट बोलतेय का ते कळावं. बिग बर्डच्या आतला कॅरल स्पिनी तर उजवा हात सरळ वर धरून पक्ष्याचं डोकं चालवायचा, छातीवर बांधलेल्या छोट्या टीव्हीवर बघत. हेन्सनबरोबर वीसेक वर्षं काम केलेला माणूस तो, त्या दिवशी त्या पिसांच्या आत उभा राहून आपल्या मित्राचं गाणं गात होता, आणि पक्ष्याचा आवाज त्यानं मोडू दिला नाही. कसं जमलं असेल?

आणि याच बिग बर्डला 1983 मध्ये कार्यक्रमातले दुकानदार मिस्टर हूपर वारल्याचं समजावून सांगावं लागलं होतं. हूपरचं काम करणारे विल ली खरंच गेले होते, तर सेसमी स्ट्रीटवाल्यांनी दुसरा नट आणला नाही, गावाला गेले वगैरेही सांगितलं नाही. पक्षी सगळ्यांसाठी काढलेली चित्रं वाटत येतो आणि हूपरचं चित्र हातात तसंच राहतं, ते आता परत येणार नाहीत हे त्याला कळतच नाही. लहान मुलांशी इतकं खरं बोललेलं मी टीव्हीवर क्वचितच बघितलंय. मी दोन्ही व्हिडिओ लागोपाठ बघितले एकदा, तर मला वाटलं हाच तो पक्षी, सात वर्षांत मोठा झालाय.

सभेच्या शेवटी सगळे सहकारी हेन्सनची आवडती गाणी म्हणतात. शेवटचं गाणं रिचर्ड हंट एकटाच सुरू करतो, मग एकेक जण मिसळत जातो, आणि शेवटच्या कडव्याला प्रत्येकाच्या हातात आपापली बाहुली. आयुष्यभर फ्रेमच्या खाली राहिलेली माणसं इथे उघड उभी आहेत, तोंडं दिसतायत, हात दिसतायत, लपवायचं काही राहिलेलंच नाही. दोनच वर्षांत हंटही गेला, 1992 च्या जानेवारीत. स्पिनी 2019 ला. त्यामुळे आता बघताना त्या गर्दीत मी एकेक चेहरा शोधत बसते.

काल मी ते शेवटचं गाणं लावलं आणि उजवा हात डोक्याच्या वर नेला, अंगठा खाली, चार बोटं वर, तोंडासारखी उघडझाप करत. सुरुवातीला बोटं शब्दांबरोबर चालली. मग दंड दुखायला लागला, मग खांदा भरून आला, आणि गाणं अर्ध्यावर असतानाच हात खाली आला माझा. स्क्रीनवर त्यांचे सगळ्यांचे अजून वरच होते.